डावं हळू येतं

अक्रात, सर्कलच्या पुलाखाली माझं टेबल.
वर छत्री, छत्रीवर टोमॅटो-पेस्टची जुनी जाहिरात,
खाली मी, भिंग, कथलाची तार
आणि लोकांनी आणून टाकलेले कान.

मी त्यांना कानच म्हणते.
उघडले की आत सगळ्यांचं सारखंच निघतं:
एक चुंबक, केसाहून बारीक तांब्याचं वेटोळं,
आणि वर पडदा,
कांद्याच्या दोन पाकळ्यांमधल्या पापुद्र्याइतका.
फार रेटलं की वेटोळ्यावरचं रोगण जळतं,
पडदा चुरगळतो,
मग गाणारा माणूस पत्र्याच्या डब्यातून बोलायला लागतो.
मला ते ऐकायच्या आधी नाकानेच कळतं.
दहा सेडी पडद्याचे, पाच मजुरीचे.

क्वातेई चौथ्यांदा आला तेव्हा बंदीचा महिना होता.
पुजाऱ्यांची पेरणी झालेली,
ढोल घराघरात पालथे घातलेले,
चर्चवाल्यांनीही कुरकुरत कर्णे आत वळवलेले.
दाणा मातीखाली जागा होतो आहे,
त्याच्या कानाशी कोणी ओरडू नये.
ट्रोट्रोची पोरं तेवढी दारात लोंबकळून
'सर्क सर्क सर्क' करत होती.
त्यांना कोण गप्प करणार?

"आंटी, डावं हळू येतं."
जरा मोठ्यानेच म्हणाला.
वय सोळा. मामाच्या चक्कीवर मका दळतो.
भुवयांवर पीठ, कानाच्या पाळीवर पीठ.
चक्की ऐकू येऊ नये म्हणून
तिच्यावर गाणं चढवतो,
चक्की ऐकून घेत नाही,
मग आणखी चढवतो.
तिन्ही वेळा सांगितलं होतं मी त्याला, हळू लाव बाबा.
कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं.

उघडलं. पडदा नवाकोरा.
वेटोळं चकचकीत, माझ्याच हातचं.
मीटर लावला: डावं सोळा ओहम, उजवं सोळा ओहम.
माझ्या कानात घालून पाहिलं.
कुणी बाई गात होती,
ओळ उचलण्याआधी तिने घेतलेला श्वाससुद्धा
स्वच्छ आला,
डावीकडून.

मी ते पदराला, म्हणजे कमरेच्या कापडाला पुसलं
आणि त्याला म्हटलं, उलटं घाल.
डाव्याचं उजव्यात, उजव्याचं डाव्यात.

घातलं त्याने.
हसला. "झालं! आता तुम्ही दुसरंही बिघडवलंत."

मी काही बोलले नाही.
त्याने काढलं, पालटलं, पुन्हा घातलं.
पुन्हा पालटलं.
हसू त्याच्या तोंडावर तसंच राहिलं होतं,
दुकान बंद झाल्यावर बाहेर विसरलेल्या पाटीसारखं.

"आंटी, बंदीत सगळं शहर गप्प असतं ना?"
हो, म्हटलं.
"मग रात्री ती बारीक शिट्टी कुणाची?
मला वाटायचं, सगळ्यांनाच ऐकू येते."

कोर्ले बूच्या दवाखान्यात कानाचा विभाग आहे,
मंगळवारी लवकर जा,
असं मी एका खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहून दिलं.
त्याने ते वाचलं, पिठाच्या खिशात घातलं
आणि पंधरा सेडी मोजून टेबलावर ठेवले,
दहा पडद्याचे, पाच मजुरीचे,
नेहमीसारखे.

मी काहीच बसवलं नव्हतं रे.
तो निघालासुद्धा.
मी हाक मारली. परत मारली.
शेंगदाणेवाली वळली, दोन शिपाई वळले,
तो चालत राहिला पुलाच्या सावलीतून,
त्याची डावी बाजू माझ्याकडे.

मग मी पैसे मुठीत घेतले,
टेबल तसंच उघडं टाकलं,
आणि धावत, गाड्यांमधून वळसा घालून,
त्याच्या उजवीकडे गेले.